विश्लेषण : खो-खोच्या ‘ड्राफ्ट’मध्ये सतरा वर्षांचा कोणता मुलगा निवडावा? लातूर-नांदेडसाठी त्याचा अर्थ काय?

४ सप्टेंबर २०२२. पुण्यातील बालेवाडी क्रीडा संकुल. अल्टिमेट खो-खो लीगच्या पहिल्याच हंगामाची अंतिम लढत. तेलुगू योद्धाज ४५, ओडिशा जगरनॉट्स ४३ आणि वेळ संपत आलेली. सूरज लांडेने सूर मारून गडी टिपला, तीन गुण मिळाले आणि ओडिशाने सामना ४६-४५ असा जिंकला. विजेत्याला एक कोटी, उपविजेत्याला ५० लाख. फरक एका गुणाचा.

पण सामना मैदानावर येण्याआधी जुलैमध्ये आणखी एक सामना झाला होता. त्यात कोणी पळाले नाही. सहा संघांच्या व्यवस्थापनाने नावांची यादी समोर ठेवून खेळाडू निवडले. त्यालाच ‘ड्राफ्ट’ म्हणतात. या ड्राफ्टमध्ये अनुभवी खेळाडू ओळखणे सोपे. खरी पंचाईत होते ती १६-१८ वर्षांच्या मुलांची. कोणाला घ्यायचे, कशावरून घ्यायचे? आणि खो-खो गावोगाव खेळल्या जाणाऱ्या मराठवाड्यातला, विशेषतः लातूर-नांदेडचा मुलगा या यादीपर्यंत पोहोचतो तरी कसा?

ड्राफ्ट आणि लिलावात फरक काय?

लिलाव सगळ्यांच्या परिचयाचा आहे. तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर २०२२च्या सुरुवातीला १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघात होता. फेब्रुवारीतल्या आयपीएल लिलावात त्याची मूळ किंमत ३० लाख होती. चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटीला घेतले. नोव्हेंबर २०२४च्या लिलावात लखनऊने त्यालाच ३० लाखांत घेतले. लिलावात किंमत खेळाडूच्या गुणवत्तेइतकीच त्या दिवशी समोर किती संघ हात वर करतात यावर ठरते.

ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. खेळाडूंचे गट आधी पाडलेले असतात, प्रत्येक गटाचे मानधन ठरलेले असते आणि संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या हंगामात ‘अ’ गटाला ५ लाख, ‘ब’ला ३ लाख, ‘क’ला दीड लाख आणि ‘ड’ला १ लाख रुपये असे मानधन होते. म्हणजे अदानी समूहाचा गुजरात जायंट्स असो, जीएमआरचा तेलुगू योद्धाज असो की ओडिशा सरकारचा सहभाग असलेला जगरनॉट्स, पैसा ओतून चूक झाकण्याची सोय कोणालाच नाही. तुमची पाळी आली की समोरच्या यादीतून योग्य नाव ओळखायचे, एवढेच हातात.

पुढच्या हंगामासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये भुवनेश्वरला ड्राफ्ट झाला, तेव्हा १६ ते १८ वयोगटातील तीसहून अधिक खेळाडू संघांनी उचलले. म्हणजे ‘कोणता पोरगा घ्यायचा’ हा प्रश्न आता तोंडी लावण्यापुरता राहिलेला नाही.

बाहेर ही पद्धत कशी चालते?

अमेरिकेच्या एनएफएल फुटबॉलमध्ये पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये झाला. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये तो १९८६ पासून आहे. हा खेळ अंडाकृती चेंडूने, क्रिकेटच्या मैदानावर, दोन्ही बाजूंनी १८-१८ जण खेळतात. तिथला मूळ नियम असा की गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड. दुबळ्या संघाला सर्वांत चांगला पोरगा मिळावा, म्हणजे तेच ते संघ वर्षानुवर्षे जिंकत राहणार नाहीत.

ज्या वर्षी ड्राफ्ट, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळाडूने १८ पूर्ण केलेले असावेत, अशी तिथे अट आहे. त्याआधी निवडक मुलांची जाहीर चाचणी होते. २० मीटर धाव, उंच उडी, चपळाई, दोन किलोमीटरची दौड, सगळ्याचे आकडे मांडले जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १८ वर्षांखालील स्पर्धांमध्ये प्रत्येक मुलाने चेंडू किती वेळा घेतला, कुठे दिला, याची सामनावार नोंद असते.

एवढे करूनही अंदाज चुकतात. १९९०च्या ड्राफ्टमध्ये जेम्स हर्ड ७९व्या क्रमांकावर निवडला गेला. म्हणजे त्याच्याआधी ७८ नावे पुकारली गेली. पुढे १९९६ मध्ये त्याला त्या खेळातले सर्वोच्च वैयक्तिक पदक, ब्राउनलो, विभागून मिळाले आणि २००० मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली एसेंडन संघ विजेता झाला. अमेरिकेत टॉम ब्रॅडी २००० साली १९९वा निवडला गेला आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. स्टॉपवॉच असूनही ही गत. आपल्याकडे तर कित्येक ठिकाणी स्टॉपवॉच फक्त पंचाच्या हातात असते.

मग खो-खोत कोवळा खेळाडू निवडताना काय पाहावे?

पहिली नजर जाते ती आक्रमणाकडे. कुमार गटाच्या सामन्यात सात-आठ गडी टिपणारा मुलगा लगेच डोळ्यांत भरतो. सूर मारला की टाळ्या, फोटो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नाव. पण हाच आकडा सर्वाधिक फसवा. समोरचा संघ कच्चा असेल तर गडी कोणीही टिपतो. आठपैकी पाच गडी साखळीने कोपऱ्यात कोंडलेले आणि शेवटचा हात फक्त याचा, असेही होते.

त्यामानाने पळतीची वेळ, म्हणजे संरक्षण, जास्त बोलते. कसे ते साध्या हिशेबाने पाहू. लीगमध्ये एक पाळी सात मिनिटांची, म्हणजे ४२० सेकंद. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने उतरतात. समजा, एका संघाची तुकडी सरासरी दोन मिनिटे टिकते. १२० सेकंदांत तीन गडी, म्हणजे दर ४० सेकंदांना एक गडी बाद. एका गड्याचे दोन गुण. आता या तुकडीत असा एक मुलगा घाला, जो तुकडीला ३० सेकंद जास्त टिकवतो. तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याचे साधारण दीड गुण हुकले. सामन्यात पळतीच्या दोन पाळ्या. दोन्हींत त्याने एवढेच केले तर तीन गुण. बालेवाडीचा अंतिम सामना एका गुणाने संपला होता! शिवाय तुकडी ठरावीक वेळेच्या पुढे नाबाद राहिली तर पळणाऱ्यांनाही बोनस गुण मिळतात. त्याला लीगमध्ये ‘ड्रीम रन’ म्हणतात.

दुसऱ्या बाजूला, पहिल्या हंगामात साध्या स्पर्शाला दोन आणि सूर मारून टिपल्यास तीन गुण होते. म्हणजे उत्तम सूर मारणाऱ्याचा वाढीव फायदा दर गड्यामागे एक गुण. तो मोठाच आहे, पण सूर शिकवता येतो. खांबाजवळचा टप्पा, शेवटची दोन पावले, शरीर किती झोकायचे, हे दोन हंगामांच्या सरावात बसवता येते. आक्रमकाची नजर वाचून शेवटच्या क्षणी हूल देणे, दमलेल्या साथीदाराला वाचवण्यासाठी आक्रमकाला स्वतःच्या मागे ओढणे, हे उपजत किंवा फार लहानपणी मुरलेले असते. म्हणून दोन मुलांमध्ये घासाघीस असेल तर सतराव्या वर्षी बलाढ्य संघासमोर दीड मिनिट पळालेला मुलगा, दुबळ्या संघाचे आठ गडी टिपणाऱ्याच्या आधी उचलावा.

यात ‘बलाढ्य संघासमोर’ हे शब्द महत्त्वाचे. नुसती वेळ मोजून चालत नाही. समोर कोण होते, मुलगा कितव्या तुकडीत उतरला, त्याच्यासोबतचे दोघे लवकर बाद झाल्यावर तो किती वेळ एकटा राहिला, हे लिहिलेले हवे.

आणखी एक गोष्ट गुणपत्रकात येत नाही. आक्रमणात बसलेला मुलगा खो मिळण्याआधीच उठतो का, मधली पाटी ओलांडतो का, दिशा चुकवतो का? एका फाउलने साखळी तुटते आणि कोंडीत सापडलेला गडी मोकळा सुटतो. लीगमध्ये ‘वझीर’ नावाचा एक आक्रमक कोणत्याही दिशेला वळू शकतो, बाकीच्यांना ती मुभा नाही. त्यामुळे वझीर म्हणून कोवळा मुलगा घ्यायचा असेल तर वेगाबरोबर डोके शांत आहे का, हे आधी पाहावे लागते.

राहिला शरीराचा मुद्दा. १८ वर्षांखालच्या गटात लवकर वाढलेली मुले भारी वाटतात. दाढी-मिशी आलेला सतरा वर्षांचा आणि अजून उंची वाढायची असलेला सतरा वर्षांचा, दोघांचे आजचे आकडे शेजारी ठेवले तर पहिलाच जिंकेल. दोन वर्षांनी चित्र उलटे असू शकते. त्यात जन्मदाखल्यावरची तारीख खरी असणे हे गृहीतच धरावे लागते.

माती आणि मॅट

लातूर-नांदेडच्या बहुतेक शाळांत खो-खो मातीत खेळला जातो. लीग होते मॅटवर, बंदिस्त सभागृहात, दिव्यांच्या प्रकाशात. मातीत पाय किंचित घसरतो, त्या घसरण्याचाच वापर करून मुले वळतात. मॅटवर बूट पकडून धरतो. वळण वेगळे, घोट्या-गुडघ्यावरचा ताण वेगळा, सूर मारल्यावर अंग घासण्याची जागाही वेगळी. मातीत कोपरे सोलून घेतलेला मुलगा मॅटवर बिनधास्त झेपावतो, हा फायदाच. पण पहिले काही आठवडे त्याची पळती अडखळते. राष्ट्रीय स्पर्धा आता मॅटवर होतात आणि निवडकर्ते तिथेच पाहतात. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी मॅट नसेल तर मुलगा आपल्या सर्वांत वाईट आठवड्यात तपासला जातो. निवडकर्त्याने एवढे तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

लातूर-नांदेडचा मुलगा नजरेत येतो कुठे?

रस्ते मुख्यतः तीन. पहिला शालेय स्पर्धांचा : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. गोम इथेच आहे. शालेय स्पर्धांत लातूर आणि नांदेड ज्या लातूर विभागात येतात, त्याच विभागात धाराशिवही आहे. धाराशिव म्हणजे मराठवाड्यातील खो-खोची पंढरी. भारतीय महिला संघाच्या माजी कर्णधार सारिका काळे तिथल्याच. २०१६च्या गुवाहाटीतील दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्यासारखे खेळाडू घडवणारे प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधवही तिथलेच. विभागातून राज्याला एकच संघ जातो. त्यामुळे उदगीर किंवा देगलूरच्या एखाद्या शाळेत कितीही तेज पळणारा मुलगा असो, त्याचा संघ विभागात हरला की त्याचे वर्ष संपले. एकट्याच्या गुणवत्तेला तिथे वेगळी दारवाट नाही.

दुसरा रस्ता संघटनेचा. जिल्हा संघटनेची निवड चाचणी, मग राज्य अजिंक्यपद स्पर्धा. किशोर गट १४ वर्षांखाली, कुमार गट १८ वर्षांखाली. इथे नांदेड आणि लातूर आपापले जिल्हा संघ घेऊन उतरतात, म्हणून हा रस्ता जास्त मोकळा. पण इथेही पुणे, ठाणे, मुंबई उपनगर, सांगली, सोलापूर, धाराशिव अशा तगड्या जिल्ह्यांशी गाठ पडते. लहान जिल्ह्याचा संघ गटातच बाद झाला तर त्यातल्या मुलाचे दोन-तीन सामनेच पाहिले जातात. तेवढ्यात चमकला तर महाराष्ट्राच्या संघात. त्याच गटाची राष्ट्रीय स्पर्धा गाजवणाऱ्या मुलाला ‘वीर अभिमन्यू’ आणि मुलीला ‘जानकी’ पुरस्कार मिळतो, आणि मग मात्र त्याचे नाव यादीत शोधावे लागत नाही.

तिसरा रस्ता विद्यापीठाचा. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे. धाराशिव मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. त्यामुळे शाळेत ज्यांच्यामुळे वाट अडली, त्यांच्याशी संघातल्या जागेसाठी इथे झगडावे लागत नाही. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत इतर राज्यांचेही डोळे असतात. अडचण एवढीच की तिथे पोहोचेपर्यंत मुलगा अठरा-एकोणीस पार करतो आणि ड्राफ्टचा ‘कोवळ्या’ मुलांचा गट मागे पडतो.

यातल्या त्यात मुलांच्या हातात काय आहे? मोबाइल. मैदानाच्या कोपऱ्यात उंचावर मोबाइल ठेवून पूर्ण पाळी सलग चित्रित करायची. नुसत्या सुरांचे, गाणे लावलेले रील नाही. निवडकर्त्याला तुकडी कधी उतरली, कधी बाद झाली हे दिसायला हवे. सोबत प्रतिस्पर्धी संघ, स्पर्धा, तारीख आणि पळतीची वेळ. क्रीडा शिक्षकाने वर्षभर एवढी वही ठेवली तरी ती पन्नास प्रमाणपत्रांपेक्षा उपयोगी.

बारावीचे वर्ष आणि एक लाख रुपये

लातूर म्हटले की राज्याला आधी ‘लातूर पॅटर्न’ आठवतो. नांदेडही आता क्लासेसचे शहर झाले आहे. अकरावी-बारावी, नीट, जेईई. आणि ड्राफ्टचा कोवळा गट नेमका त्याच वयाचा. लीगचा दुसरा हंगाम कटकला २४ डिसेंबर २०२३ ते १३ जानेवारी २०२४ असा झाला. म्हणजे सराव शिबिर धरले तर बारावीच्या मुलाचे प्रात्यक्षिकांच्या तोंडावरचे दिवस गेले. ‘ड’ गटाचे एक लाख रुपये शेतकरी कुटुंबासाठी लहान रक्कम नाही. पण नावाजलेल्या क्लासची फी आणि खोलीभाडे मांडले तर ती पुरेलच असेही नाही. घरात वाद होतो तो इथेच, आणि पालकांना दोष देता येत नाही.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहावे. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण आहेत. रेल्वे आणि पोलीस दल खेळाडू घेतात. सारिका काळे पुढे तुळजापूर तालुक्यात क्रीडा अधिकारी झाल्या. घरात एक वेळच्या जेवणाची भ्रांत असताना खेळायला सुरुवात केल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. मात्र ही वाट राज्य-राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्रांवर चालते. लीगमध्ये खेळलो, एवढ्याने नोकरी मिळते असे समजून राज्य स्पर्धा सोडणे महागात पडेल.

करार करताना एक कायदेशीर बाब. भारतीय करार कायदा १८७२ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती स्वतः करार करू शकत नाही. त्यामुळे पालकाची सही लागते, आणि सही करण्याआधी विचारायचे प्रश्न सरळ आहेत. मानधन किती हप्त्यांत? शिबिरात दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा, आणि तो किती महिने? मैदानात न उतरवता बाकावर बसवले तर पूर्ण पैसे मिळतात का? पुढच्या हंगामात संघाने कायम ठेवले तर गट बदलतो का? परीक्षेसाठी सोडणार का? मुलगा निवडला गेल्याच्या आनंदात हे प्रश्न मागे पडतात.

आणि मुली?

मराठवाड्याच्या बाबतीत हा सर्वांत टोचणारा मुद्दा आहे. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे दोन्ही अंतिम सामने झाले. पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असे हरवले, कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर. महिलांनीही नेपाळलाच ७८-४० असे हरवले, कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. याच संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. म्हणजे विश्वविजेत्या संघात मराठवाड्याचा झेंडा मुलींनी रोवला.

पण अल्टिमेट खो-खोचे २०२२ आणि २०२३-२४ हे दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे झाले. प्रतीक वाईकर विश्वचषकाआधी लीगमध्ये तेलुगू योद्धाजचा कर्णधार म्हणून मॅटवर, कॅमेऱ्यांसमोर, दडपणाखाली खेळून तयार झाला होता. प्रियांका आणि अश्विनीला ती पायरीच नव्हती. वर मांडलेला सगळा हिशेब, पळतीचे सेकंद, तुकडीतला क्रमांक, फाउल, मॅटवरची जुळवणी, मुलींनाही तंतोतंत लागू होतो. महिला क्रिकेटमध्ये २०२३ साली लीग सुरू झाली आणि पहिल्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. खो-खोत कोट्यवधी नकोत, ‘ड’ गटाचा एक लाखही चालेल. निलंगा किंवा मुखेडच्या सोळा वर्षांच्या मुलीला घरी सांगायला तेवढा आकडा पुरेसा असतो. तूर्तास तिच्यासाठी जिल्हा निवड चाचणी आणि राज्य स्पर्धा हाच रस्ता आहे, आणि वहीत पळतीची वेळ लिहून ठेवायला तिनेही आजच सुरुवात करायला हवी.